दोन बकुळा आणि वर हातभर

ठाणे. कार्तिक व. ११, मंगळवार

झोपाळ्याच्या फळीची भेग आणखी बोटभर वाढली. मामंजी बसले की फळी कर्र करते, तरी बसतातच. कुणी म्हटलं, "खाली बसा," तर म्हणतात, "मी काय नवा बसतोय?"

पण आजची खरी बातमी वेगळी. आम्ही रंगूनला जाणार!

सासूबाईंनी आठ दिवस ताकभातावर काढले. कुणावर राग नाही, उपास नाही, नुसतं "मला जात नाही गं." आज दुपारी मामंजी पंचांगातून मान वर न करता म्हणाले, "मी जा म्हणत नाही. नको म्हणत नाही." सा. लगेच उठल्या आणि चांगलं वाटीभर श्रीखंड खाल्लं. (पुढे नुसतं सा. लिहीन, शाई वाचेल. मामंजींना मात्र कागदावरसुद्धा छाटायची माझी हिंमत नाही.)

अकरा वर्षं झाली थोरल्या भावोजींना रंगूनला जाऊन. तिकडे लाकडाच्या मोठ्या वखारीत कारकून आहेत. जाताना वडिलांना सांगितलं नाही, मद्रासेहून चिठ्ठी टाकली. तेव्हापासून या घरात मामंजींच्या तोंडून त्यांचं नाव नाही. "समुद्र ओलांडला त्यानं माझी ओटी चढायची नाही," एवढं एकदा बोलून झालं. सा. म्हणतात, "समुद्राचं निमित्त गं. न विचारता गेला, ते लागलंय. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशातली ही माणसं."

भावोजींचं पत्र आलं की इकडून ते ओसरीवर मोठ्यानं वाचणं होतं, सा.ना ऐकवायचं म्हणून. सा. शेजारीच बसलेल्या असतात. मामंजी पाठमोरे. एकदा पत्र जरा हळू वाचलं गेलं तर झोपाळ्यावरून आवाज, "तोंडात पान आहे का?"

सा.ना नात बघायची आहे. सोनी पाच वर्षांची झाली, आजीनं अजून पाहिलेली नाही. आणि मनातलं दुसरं त्या बोलत नाहीत, पण ते सगळ्या घराला ठाऊक आहे. मुलाला घरी आणायचं.

कार्तिक व. १३, गुरुवार

भटजी येऊन गेले. त्यांचं मत: ब्रह्मदेश आपल्या भूमीला जोडलेला आहे, चालतही जाता येईल. मग वाटेत नाव घेतली तर ती नदीतल्या नावेसारखीच. तरी परत आल्यावर पंचगव्य घ्यावं, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको.

सा. म्हणाल्या, "चालत जा म्हणू नका म्हणजे झालं."

लाडू, दशम्या, चिवडा, मेतकूट. फिरकीचे चार तांबे पाण्याचे. आमची स्वारी मोजून थकली. मला मनातून एकच हवंय, तिकडची रंगीत कागदी छत्री. अजून कुणाला सांगितलेलं नाही.

कल्याण. मार्गशीर्ष शु. २, सोमवार

माहेरी. मेल उद्या इथूनच धरायची.

सकाळी निघताना मामंजींनी मला हाक मारली. मला! स्वारी उभी, सा. उभ्या, त्यांच्याकडे बघितलंही नाही. हातात अंबाडीची दोरी दिली, स्वतः वळलेली. "सूनबाई, झोपाळ्याला फळी. ब्रह्मी साग. एकसंध, जोड नको. लांबी ही एवढी. गाठ आहे तिथवर रुंदी. तुझ्याकडे देतो, बाकीचे हरवतील."

स्वारीनं विचारलं, "कुठून घ्यायची, अप्पा?"

"लाकूड लाकडाच्या वखारीत मिळतं."

बस्स. झोपाळ्यावर जाऊन बसले, कर्र.

टांग्यात सा.नी माझा हात घट्ट धरला. "अगं, ही दोरी नव्हे, पत्र आहे."

गाडीत मुंब्र्याच्या बोगद्यात आमची लेक बकुळ ओरडली, बाहेर आल्यावर आणखी ओरडली. डोंबिवलीकडे शेतं कापून मोकळी झालेली, पेंढ्याच्या उडव्या. ठाकुर्लीपाशी एक बाई गाडीला हात करत होती, सा.नी तिला नमस्कार केला. "ओळखीची?" "असेल की!"

आई म्हणाली, बघू ती दोरी. पोरं जमली. बकुळ जमिनीवर आडवी झाली, माझ्या दादानं टाचेशी खूण केली, पुन्हा आडवी केली. बरोब्बर दोन बकुळा. ना कमी ना जास्त. सगळे हसले. मी दोरी गुंडाळून ट्रंकेत तळाशी ठेवली.

मद्रास. शु. ५, गुरुवार

अंग अजून हलतंय. गाडीत इतकं बसलो की उभं राहायचं विसरलो. चिवडा संपत आला. समुद्र इथला मोठा, आपल्या खाडीसारखा समजूतदार नाही.

आगबोटीवर. शु. ९, सोमवार

आज उठता येतंय. दोन दिवस मी आणि स्वारी आडवे. बकुळ आणि सा. ठणठणीत. सा.नी तर कप्तानाला लांबून बघून त्याची दृष्टसुद्धा काढली, "बिचारा एवढी मोठी बोट एकटा हाकतो."

मात्र सोवळ्याचा घोळ. धुतलेलं लुगडं कुणाचा हात न लागता वाळलं पाहिजे, आणि खोलीत ना वळणी ना काठी. परवा मी आडवी असताना सा. म्हणाल्या, "तुझ्याकडे ती दोरी आहे ना?" मी पडल्यापडल्या म्हटलं, ट्रंकेत तळाशी. त्यांनी काढली, इकडच्या खिळ्यापासून तिकडच्या कडीपर्यंत ताणून बांधली. तेव्हापासून रोज पाणी निथळणारं नऊवार लुगडं तिच्यावर. खाली परात. बोट हलली की लुगडं झुलतं.

शेजारच्या खोलीतली मद्राशी बाई येऊन बघून गेली. तिनंही आपलं वाळत घालायला आणलं होतं, पण सा. नुसत्या हसल्या आणि तिच्या हातावर लाडू ठेवला.

रंगून. शु. १३, शुक्रवार

काल पोचलो. काल लिहिता आलं नाही, आणि आजही कसं लिहू?

धक्क्यावर भावोजी. मी त्यांना लग्नात पाहिलेले, तेव्हा काळेभोर केस. आता कानाशी पांढरे. सा. फळकुटावरून उतरल्या, मुलाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "टोपी वाकडी आहे." त्यांनी टोपी सरळ केली. मग दोघं रडली. मग आम्ही सगळेच. स्वारी सामान मोजत उभी होती, तीच पेटी पाच वेळा मोजली.

सोनी! गुलाबी रेशमी लुंगी, गालावर चंदनासारखा लेप, केसांत फूल. आजीकडे बघून पहिली काही मिनिटं जाऊबाईंच्या मागे. बकुळनं तिच्या हातावर चिवड्याचा शेवटचा चुरा ठेवला, मग दोघी ज्या पळाल्या त्या आजपर्यंत हातात आलेल्या नाहीत. सोनी मराठी बोलते, पण मधेच ब्रह्मी. बकुळ एका दिवसात ब्रह्मी शिकली असं बकुळचं म्हणणं.

जाऊबाई म्हणाल्या, "यमुने, तू जाड झालीस." अकरा वर्षांनी भेटल्यावर पहिलं वाक्य! मी म्हटलं, "तुम्ही काळ्या झालात." मग गळ्यात पडलो.

घर लाकडाचं, खांबांवर उभं. खाली कोंबड्या. सा.नी चूल वेगळी मांडली, आणि दुपारपर्यंत जाऊबाईंच्या चुलीवर भाजलेला पापड खाल्ला. मी बघितलं. त्यांनी मी बघितलेलं बघितलं.

शु. १५, रविवार. दत्तजयंती

सोन्याचं देऊळ. लांबून बघितलं तेव्हा वाटलं, ऊन पडलंय. जवळ गेल्यावर कळलं, ऊन नाही, खरंच सोनं. पायऱ्या संपता संपत नाहीत, दोन्ही बाजूंना दुकानं: फुलं, मेणबत्त्या, घंटा, खेळणी. जोडे खाली काढायचे. सा.ना तेवढ्यानंच पटलं. "जोडे काढतात म्हणजे घरचेच लोक."

वर गेल्यावर त्या डोळे मिटून इतका वेळ उभ्या राहिल्या की स्वारी घाबरली. "आई, हा बुद्ध बरं का."

"मला माहीत आहे. नववा अवतार. आज दत्ताचा दिवस, पण देव आपसांत समजून घेतात."

एका म्हाताऱ्या ब्रह्मी बाईनं त्यांना फुलं दिली. सा.नी तिला हळदकुंकू लावायला बोट पुढे केलं. तिनं कपाळ पुढे केलं, मग आपल्या डबीतला लेप काढून सा.च्या दोन्ही गालांना फासला. सा. तशाच घरी आल्या, पुसला नाही. "चंदनच आहे. सोवळ्याला चालतं."

मला छत्री दिसली. हिरवी, वर पांढरे बगळे. बोलले नाही.

मार्ग. व. ३, बुधवार

बाजार! हात दुखतोय, पाय दुखतात, पण लिहिते.

इथं दुकानात बायका बसतात. मोठमोठ्या विड्या ओढत हिशेब करतात, नवरे मूल सांभाळतात. सा. स्वारीकडे वळून म्हणाल्या, "बघून ठेव." स्वारीनं लगेच बकुळला कडेवर घेतलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं हा सा.चा दर वर्षीचा घोर. मागल्या वर्षी सुया-दोरे, त्याआधी फण्या. इथं बघते तर लाखेच्या डब्या, तांबड्या-काळ्या, आत बांबूची वीण, हलक्या इतक्या की फुंकरीनं सरकतील. सा. तिथेच मांडी घालून बसल्या. आळीतल्या बायका बोटांवर मोजू लागल्या. "कुलकर्णीण, दोन्ही जोशिणी, वैद्यांची सून, ती तोंड वाकडं करणारी..." दुकानदारीण ब्रह्मीत बोलते, सा. मराठीत. भावोजी मधे दुभाष्या म्हणून पडायला गेले, दोघींनी त्यांना गप्प बसवलं. शेवटी सा.च्या बाजूनं एक डबी जास्त आली आणि दुकानदारणीच्या हातात आमचा शेवटचा डिंकाचा लाडू गेला. दोघी खूश.

जाऊबाईंनी मला कोपऱ्यात ओढलं, हातात लांब पुडकं. उघडते तर हिरवी, पांढरे बगळे. "देवळात तू तिच्याकडे बघत होतीस, यमुने. मी तुझ्याकडे." मला इतका आनंद झाला की रस्त्यातच उघडली. ठाण्यात कुठे उघडू ते नंतर बघू.

सोनीला आजीनं घेतलं एक लाकडी हत्ती. त्यावरून बकुळ रुसली, तिलाही एक. आता दोन हत्ती रोज भांडतात.

व. ६, शनिवार

वखार. आधी खऱ्या हत्तींचं लिहिते.

नदीकाठी ओंडक्यांचे डोंगर. हत्ती सोंडेनं ओंडका उचलतो, सुळ्यांवर तोलतो, रचतो, मागे सरून बघतो, वाकडा असला तर पायानं सरळ करतो. सा.नी हात जोडले. "गणपती नोकरीला लागलेत." बाराची घंटा झाली, एक हत्ती अर्धा उचललेला ओंडका खाली ठेवून जेवायला चालू लागला. सा. स्वारीला म्हणाल्या, "तुमच्या कचेरीतला दिसतोय." नारळ-गूळ आणलाच होता, माहुतानं हत्तीला दिला. हत्तीनं सोंड वर केली. सा.च्या डोळ्यांत पाणी, आणि हसू.

मग मी दोरी काढली. भावोजींना म्हटलं, "मामंजींनी दिलीय. झोपाळ्याला फळी हवी. एकसंध, ब्रह्मी साग."

त्यांनी दोरी हातात घेतली.  बोटानं पीळ चाचपला. "स्वतः वळलीय," म्हणाले.

एका फळीवर ताणून धरली आणि थांबले. "हे जास्त आहे."

"काय?"

"लहानपणी त्या झोपाळ्यावर मी झोपायचो. टोकाला डोकं, टोकाला अप्पांची मांडी. माझ्या हातानं चार हात फळी, हे मला झोपेतही सांगता येईल. ही दोरी हातभर जास्त आहे."

स्वारी म्हणाली, "अप्पांचं मोजमाप कधी चुकत नाही."

"चुकत नाही," भावोजी म्हणाले. मग त्यांचा चेहरा बदलला. असा बदल मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. दोरी छातीशी धरली. "अप्पांनी माझी जागा धरलीय रे."

सा. पदर तोंडाला लावून खाली ओंडक्यावर बसल्या.  फळी भावोजींनी शंभरातून निवडली, एकही गाठ नसलेली. दोरीच्या मापानं कापून घेतली. रंधा स्वतः मारला, कारकुनी हातानं. दोन ठिकाणी फळी खरचटली.

परतताना म्हणाले, "रजा मागतो. रथसप्तमीपर्यंत ठाण्याला पोचतो. तिघंही."

व. ७, रविवार



सकाळी बकुळ आणि सोनी अंगणात दोरीशी खेळत होत्या. बकुळ म्हणाली, "आई, बघ मी किती लहान झाले." आडवी पडली, सोनीनं खूण केली, पुन्हा आडवी. दोन बकुळा झाल्या आणि वर हातभर दोरी उरली.

कल्याणला बरोब्बर दोन होती.

दोरीकडे बघितलं. मधला पीळ सैल, उलगडलेला. पाच दिवस ओलं नऊवार तिच्यावर लोंबत होतं, बोट हलेल तसं झुलत. मी हसायला लागले आणि मग हसू थांबलं.

मामंजींनी जागा धरली नव्हती. सोवळ्याच्या लुगड्यानं दोरी ताणली होती.

आणि भावोजी रजा मागायला साहेबाच्या घरी गेले आहेत.

व. ८, सोमवार

सांगू की नको? आज तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा भावोजी आरशासमोर नवी टोपी घालून बघत होते. दुसऱ्यांदा सोनीला शिकवत होते, "आजोबांना वाकून नमस्कार करायचा, असा." तिसऱ्यांदा सा. जेवताना गुणगुणत होत्या. आठ दिवस ताकभात खाणारी बाई गुणगुणते आहे. मी भात वाढला.

आगबोटीवर. व. १२, शुक्रवार

काल निघालो. सोनी धक्क्यावरून दोन्ही हात हलवत होती, एका हातात हत्ती. "रथसप्तमी! रथसप्तमी!" शब्द कळतो की नाही देव जाणे.

आज स्वारीला सगळं सांगितलं. आधी इतकं हसणं झालं की टोपी समुद्रात जायची. मग टोपी हातात घेतली. "म्हणजे दादा येईल, आणि अप्पा ओटीवरूनच..."

"हो."

"आईला सांगू नकोस."

"नाही."

"फळी गुपचूप कापून घेऊ?"

"आणि भावोजी येऊन बसल्यावर? ते मापानं ओळखतील."

दोघं कठड्याशी उभे. पाणी निळं. सा. मागे मद्राशी प्रवाशांना लाखेची डबी दाखवत होत्या. दोरी आता माझ्या कमरेला बांधलेली, कुणालाही देणार नाही. फार शहाणपण सुचलं, उशिरा.

ठाणे. पौष शु. ४, शुक्रवार

घर! खाडीचा वास आला आणि बकुळ म्हणाली, "हा आपला समुद्र."

पंचगव्य झालं. सा.नी नाक धरून घेतलं. बकुळनं घेऊन हात पुढे केला, "अजून." भटजी म्हणाले, इतकी शुद्ध मुलगी त्यांनी पाहिली नाही.

मामंजींनी विचारलं फक्त, "फळी?"

"मालगाडीनं येतेय."

"हं."

सा. संध्याकाळभर बोलल्या. हत्ती, सोनं, सोनी, सोनीचे केस, सोनीचं वाकून नमस्कार करणं. कुणाला उद्देशून नाही, समईला सांगावं तसं. मामंजी पंचांग वाचत होते. तासाभरात पान उलटलं नाही.

रथसप्तमीचं अजून कुणी बोललं नाही.

पौष शु. १२, शनिवार

फळी आली. चार हमालांनी आणली. गोणपाट काढलं तर अंगणात मधाचा रंग पडल्यासारखं झालं. शेजारीपाजारी गोळा. मामंजींनी हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रंध्याच्या दोन ठिकाणी हात थांबला. कारकुनी रंधा, त्यांना कळलं असणार.

मग हातानं मोजलं. पुन्हा मोजलं. झोपाळ्याकडे बघितलं.

शेजारी गेल्यावर हाक. "सूनबाई. दोरी."

कमरेची सोडून दिली. त्यांनी बोटात धरून पीळ बघितला. मी उभी. वाटलं, काहीतरी बनवून सांगावं. पण त्या माणसासमोर बनवता येत नाही. सांगून टाकलं सगळं. बोट, सोवळं, ओलं लुगडं, दोन बकुळा आणि वर हातभर. "चूक माझी. तुम्ही माझ्या हातात दिली होती."

"अंबाडीची होती. ताणली जातेच." मग, दोरी गुंडाळत, दुसरीकडे बघत, "त्यानं मोजली?"

त्यानं! अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"हो. म्हणाले, हातभर जास्त आहे."

"आणि?"

 "म्हणाले, अप्पांनी माझी जागा धरलीय. रजा काढलीय. रथसप्तमीपर्यंत येतात, तिघंही."

मामंजी उठले. परसात गेले, रहाट ओढला, पाय धुतले. आताच धुतले होते. पुन्हा धुतले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. आले ते सरळ देवघरात. 

सा.नी मला विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "अंबाडी ताणली जाते म्हणाले." त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

पौष शु. १३, रविवार

धाकू सुतार कळव्याहून आला. फळी बघून त्यानं कानाला हात लावला.

"आप्पा, लाकूर लय भारी हाय. पन लांब झालं. कापाची का?"

मी स्वैपाकघराच्या दाराआड. सा. माझ्या मागे. स्वारी खांबाशी, कचेरीला सुट्टी म्हणून उगाच टोपी घालून उभी.

"नाही," मामंजी म्हणाले.

"मंग भोकं आत घेतो. टोकं भायेर ऱ्हातील."

"टोकावर कुणी बसलं तर कलंडेल."

"टोकाव कोन बसतंय, आप्पा? तुमी तं मधी बसता."

मामंजींनी फळीवर हात टेकला. "लाकूड कापलं की वाढत नाही. तुळईतल्या कड्या सरकव. हातभर."

धाकू शिडीवर चढला. ठोकण्याचा आवाज घरभर. स्वारी आत येऊन कुजबुजली, "म्हणजे येऊ दे असंच ना?" सा. डोळे पुसत पिठात पाणी घालत होत्या, जास्तच घातलं. "म्हणजे फळी मोठी आहे. त्यापुढे काही बोलू नका कुणी. नजर लागेल."

त्या पातळ पिठाची धिरडी केली. धाकूनं आठ खाल्ली.

पौष शु. १४, सोमवार. संक्रांत

हळदीकुंकू. सा.ना धास्ती होती, येतील की नाही. समुद्र ओलांडलेलं घर.

आल्या. सगळ्या आल्या! तोंड वाकडं करणारी पहिली. पाणी नको म्हणाली, तिळगूळ पदराला बांधला, खाल्ला नाही. पण डबी हातात आल्यावर तोंड आपोआप सरळ झालं. उघडून मिटून, उघडून मिटून. "रंगूनची का हो?" जाताना म्हणाली, "आमच्या जाऊला एक मिळेल?" तिकडची जास्तीची डबी कामी आली.

सगळ्यांना नवा झोपाळा बघायचा होता. बसून बघायची हिंमत कुणाची नाही, कारण मामंजी बसलेले. एका टोकाला. सगळी फळी मोकळी सोडून, एका टोकाला.

परसात जाऊन छत्री उघडली. फक्त विहिरीनं बघितलं. स्वारीनंही. "उद्या तलावापर्यंत जाऊ," असं म्हणणं झालं. मी म्हटलं, लोक? "लोकांना डबी द्या."

माघ शु. ५, सोमवार

मद्रासेहून पत्र. उतरले. आज ना उद्या गाडी धरणार, बुधवारी सकाळी कल्याणला, तिथून ठाणं. आज मोठ्यानं वाचायची पाळी माझ्यावर आली, स्वारी कचेरीत. सगळं वाचलं. शेवटी भावोजींनी लिहिलंय, "अप्पांना साष्टांग नमस्कार. यायचं विचारतो आहे, या वेळी आधी विचारतो आहे."

मामंजी पाठमोरे. मी थांबले. 

"पुन्हा वाच. शेवटचं."

पुन्हा वाचलं. हो म्हणाले नाहीत. नाही म्हणाले नाहीत. उत्तर पाठवायला आता वेळही नाही, पत्रापाठोपाठ माणसंच येतायत.

माघ शु. ७, बुधवार. रथसप्तमी

घाईत लिहिते. चुलीवर दूध उतू घालायचं आहे सूर्याला, सा. हाका मारतायत.

स्वारी पहाटेच स्टेशनवर गेली. आळीतल्या बायका आपापल्या दारात, दूध उतू घालायच्या निमित्तानं. सगळ्यांच्या चुली आज अंगणात आणि माना आमच्या घराकडे.

सा.नी तीन पाट जास्त मांडले, मग एक उचलला, मग परत मांडला. मला काल विचारलं, "ते ओटीवरून बोलले तर?" मी काय सांगू? आज विचारलं नाही, लुगडं दोनदा सोडून नेसल्या एवढंच.

मामंजी उजाडल्यापासून झोपाळ्यावर. धुतलेलं धोतर. आपल्याच टोकाला. दुसऱ्या टोकाला त्यांनी उपरणं घडी करून टाकलंय, कीर्तनात जागा धरायला टाकतात तसं. बकुळ धावत आली आणि त्यावर बसायला गेली.

"तिथं नको. इकडे ये, माझ्याजवळ."

"का?"

मामंजींनी उपरण्याची घडी सरळ केली. तिला उचलून मांडीवर घेतलं आणि दाराकडे बघत राहिले.

आत्ता गाडीची शिट्टी झाली. दूध वर आलं. सा. ओरडतायत, "यमुने, अगं भांडं!" जाते.